खासदाराला तारीख विचारणाऱ्या काकू

१२ मे, मंगळवार. दुकानाला सुट्टी होती, म्हणून कूलरच्या जाळीतलं गवत, आमच्याकडची घास, बदलायला काढली. जुनी घास पाण्याच्या खारानं विटेसारखी कडक झाली होती. ती जाळीतून ओढून काढताना धुळीनं नाकतोंड भरलं आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

खासदारांच्या कार्यालयातले दुबेजी होते.

"मैडम, वो चिटणीस मैडम का फोन बंद आ रहा है. आपका नंबर उन्होंने ही लिखवाया था. कल सुबह जनसुनवाई है, इंदरगंज वाले दफ्तर में. वो आएँगी न?"

"काकू फरवरी में गुज़र गईं," मी म्हटलं.

दुबेजी म्हणाले, "बहुत बुरा हुआ. तो फिर कल कोई नहीं आएगा?"

त्या आवाजात दुःख किती आणि सुटका किती, ते मला ठरवता आलं नाही. कळवते म्हणून फोन ठेवला. नवी घास तिन्ही बाजूंना भरली, पंप लावून पाहिला, कुठून गळत नाही याची खात्री केली आणि मग कूलरसमोर बसले. दुबेजींनी विचारलेलं आम्ही सगळेच तीन महिने टाळत होतो.

वत्सला चिटणीस आमच्या नया बाजारच्या गल्लीत समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहत. सरकारी हिशेब-तपासणीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. कोणी खोदून विचारलं तर "मुदतीत अर्ज आला नाही" एवढंच उत्तर. काका नसूनही त्या सगळ्या गल्लीच्या काकू होत्या. सुती साडी, पायात कापडी बूट, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ आणि हातात पुरुषांची काळी छत्री. बायकांच्या छत्रीनं ऊन अडत नाही, फक्त रंग दिसतो, असं त्यांचं मत होतं.

माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. काकू रोज सकाळी अकराच्या सुमारास यायच्या आणि अस्तरांच्या ताग्यांशेजारच्या स्टुलावर बसायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. "चाय नको, पाणी दे. आणि तुझं काम चालू ठेव, मी काही पाहुणी नाही." त्यांची मराठी आमच्या ग्वाल्हेरचीच होती, निम्मी हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालणारी. "उद्या मिळते तुला" म्हणायच्या. त्यांची पुण्याची भाची एकदा त्यावर हसली. काकूंनी तिला सांगितलं, "हस. पण मे महिन्यात इथं येऊन हस."

चिटणीस घराणं मूळचं दरबारातलं. पूर्वजांचं काम लिहिण्याचं. काकूंना त्याचा अभिमान नव्हता, उलट हिशेब चुकता करायचा असल्यासारख्या त्या बोलायच्या. "पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. मेहेरबानी, कृपा, आज्ञा व्हावी. आमच्या घरातला त्या शब्दांचा कोटा संपला आता." त्यांच्या तोंडून 'कृपया' मी कधी ऐकलं नाही. उद्धटपणाही कधी ऐकला नाही. सरळ विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत राहायच्या. हे बघणं अवघड असतं. मी गिऱ्हाइकांवर करून पाहिलंय. मलाच हसू येतं.

काकू खासदाराच्या मागे का लागल्या, तर रामसेवकमुळे. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याखाली कोळशाची इस्त्री घेऊन कपडे प्रेस करायचा. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी तो इस्त्री हातात असतानाच खाली बसला. आधी वाटलं, दम खायला बसलाय. रुग्णालयात पोचेपर्यंत गेला होता. कागदावर लिहिलं गेलं, हृदय बंद पडलं. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं, काकू म्हणाल्या, ते कशानं पडलं ते लिहा. त्या रामसेवकच्या बायकोला, मुन्नीला, घेऊन जिल्हा कचेरीत गेल्या. मी सोबत होते.

तिथला बाबू वाईट नव्हता. त्यानं मुन्नीला बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, "लू लिस्ट में नहीं है, अम्मा. बिजली गिरती, बाढ़ आती, तो सहायता बनती थी. धूप का कुछ नहीं है."

मुन्नीनं पदर सावरला. "तो हमारे आदमी पे भगवान को बिजली गिरानी थी," ती म्हणाली. "दिन भी साफ था उस रोज."

काकूंनी बाबूला विचारलं, "ये लिस्ट कौन बनाता है?"

"ऊपर से आती है. दिल्ली से."

"दिल्ली में हमारा कौन है?"

बाबूला वाटलं, ओळखपाळख विचारतायत. म्हणाला, "ये तो आप जानें, मैडम."

बाहेर आल्यावर काकूंनी छत्री उघडली, अर्धी मुन्नीच्या डोक्यावर धरली आणि मला म्हणाल्या, "आहे की आपला माणूस तिथं. आपणच पाठवलाय. खासदार म्हणजे दिल्लीला पाठवलेला वकील. वकिलाला कोणी हार घालतं का? तारीख विचारतात."

पुढच्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या सभागृहात बैठक बोलावली. मंडळाचे सचिव दातार सर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, अतिशय सज्जन माणूस. ते तयारीनिशी आले: कोळशाची वीज कमी करा, सौर ऊर्जा वाढवा, बस वाढवा, नद्या वाचवा, झाडं तोडू नका, शाळेत पर्यावरण शिकवा. वाचायलाच पाव तास लागला.

"सगळं बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "एक निवडा."

"वत्सलाताई, हे एकमेकांत गुंतलेलं आहे."

"गुंतलेलं असेल. पण मोठ्या माणसाकडे दोन गोष्टी मागितल्या की तो सोपी देतो आणि फोटो काढतो. मागणं एकच असावं. उष्णतेला राष्ट्रीय आपत्ती धरणारा कायदा. दिल्लीनं करायचा, सगळ्या देशाला लागू."

"पण हे म्हणजे तापावर पट्टी ठेवणं झालं. रोग कोळशात आहे."

यावर काकूंनी जे सांगितलं ते मी पुढे अनेकांना सांगितलंय. "सर, मी आयुष्यभर हिशेब तपासले. जे खर्चात दिसत नाही, ते कोणी थांबवत नाही. आज माणूस उन्हानं मेला तर सरकारला काहीच लागत नाही. कायदा झाला की प्रत्येक मेलेला मोजावा लागेल, प्रत्येक शहराला तयारी करावी लागेल, पैसा लागेल. ऊन सरकारला महाग पडू द्या. मग कोळशाचं काय करायचं ते सरकार तुम्हालाच विचारायला येईल."

दातार सर मनमोकळे. हसले आणि म्हणाले, "बरं, पायरीपायरीनं जाऊ."

आणि मग आम्ही एक चूक केली. तशी फक्त आम्हीच करू शकतो.

खासदार मंडळात यायला तयार झाले. आता कोणी मोठा माणूस दारात आला की आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांचं काय होतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. पाठीचा कणा आपोआप वाकतो. मुजरा करायची पद्धत गेली, पण कमरेला अजून कळलेलं नाही. खासदार आत आले, सगळं सभागृह उभं राहिलं. मंडळातल्या निर्मलावहिनींनी औक्षण केलं. शाल, श्रीफळ, पगडी. मंडळाच्या अध्यक्षांनी, आप्पासाहेबांनी, भाषण केलं. त्यात खासदारांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचे आभार होते. प्रश्न विचारायचा होता दातार सरांनी. ते उठले, पगडीतल्या खासदारांकडे पाहिलं, आणि त्यांच्याकडून एवढंच झालं: "सर, आमच्याकडे उष्णतेचा फार त्रास आहे."

खासदार चटकन म्हणाले, "दिख रहा है. पसीना तो मुझे भी आ रहा है." सगळे हसले. आप्पासाहेबांनी संधी साधली: "सभागृहात ए.सी. असता तर..."

"हो गया समझिए," खासदार म्हणाले. टाळ्या झाल्या.

अशा रीतीनं आम्ही राष्ट्रीय कायदा मागायला गेलो आणि एअर कंडिशनर घेऊन आलो. महिन्याभरात लागलाही. नवऱ्याची इस्त्री आता स्वतः चालवणारी मुन्नी त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसली होती. जाताना तिनं काकूंना विचारलं, "दीदी, ये मशीन मेरे ठेले पे तो नहीं लगेगी न?" तिचं बोलणं तसंच असायचं, त्यात तक्रार कुठली आणि चेष्टा कुठली ते निवडता यायचं नाही.

काकू कोणावर चिडल्या नाहीत. पुढच्या बैठकीला ए.सी.च्या बरोबर समोर बसल्या आणि म्हणाल्या, "छान थंड आहे. आता डोकीही थंड झाली असतील तर ऐका. एकदा ओवाळल्यावर विचारता येत नाही. पुढच्या वेळी विचारणं आधी, ओवाळणं नंतर. आणि त्याला आपल्याकडे बोलवायचं नाही. आपण यजमान झालो की संपलं. आपण त्याच्या दारात जायचं."

मधल्या काळात केंद्र सरकारनं एका नियमाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला केला. तो उष्णतेच्या दिवसांत कामगारांच्या सोयींबद्दल होता. आम्हाला पत्ताही नव्हता. काकू अशा गोष्टी लोक राशिभविष्य वाचतात तशा रोज सकाळी वाचायच्या. दातार सरांनी उत्साहानं एक सुंदर मजकूर तयार केला आणि सगळ्यांनी हाच पाठवा म्हणाले. काकूंनी अडवलं. "एकच मजकूर शंभर जणींनी पाठवला तर कचेरीत तो एकच धरतात. मी स्वतः धरलेले आहेत."

म्हणून त्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईनं पन्हं प्यायच्या आधी फोनवर आपापलं वाक्य लिहायचं, असं ठरलं. ज्यांना टाइप येत नव्हतं त्यांचं माझ्या लेकीनं, केतकीनं, लिहून दिलं. शाळेतल्या जोशीबाईंनी लिहिलं, पत्र्याच्या वर्गात मुलं दुपारी झोपत नाहीत, बेशुद्धीसारखी पडतात. एका सूनबाईनं लिहिलं, सासऱ्यांना पाळी रात्रीची मिळावी. निर्मलावहिनी मात्र अडून बसल्या.

"मला काही त्रासच नाही गं. उलट पापड अर्ध्या तासात वाळतात."

"तेच लिहा," काकू म्हणाल्या.

"अहो, हसतील दिल्लीत."

"हसू दे. पूर्वी किती वेळ लागायचा?"

"सकाळी घातले की संध्याकाळी काढायचे."

"मग दोन्ही लिहा. एवढं कोणा तज्ज्ञाच्या अहवालात नसेल."

वहिनींनी लिहिलं. त्या मसुद्याचा अंतिम नियम झाला तेव्हा त्यात दुपारच्या सुट्टीचं कलम आलं. आमच्यामुळे आलं असं कोणी म्हणणार नाही. काकू तर मुळीच म्हणाल्या नाहीत. "देशभरातून लिहिलं असेल लोकांनी. पण आपण लिहिलं नसतं तर आपण त्यांत नसतो."

खासदारांच्या दारात जायचं ठरलं तेव्हा प्रश्न कोण विचारणार हा प्रश्न आला. काकूंनी मुन्नीकडे बोट दाखवलं. तालीम माझ्या दुकानात, शटर अर्धं ओढून. दातार सर झाले खासदार. मागच्या वेळचा डाग पुसायचा म्हणून त्यांनी भूमिका फारच मनावर घेतली. गल्ल्यामागे पाय पसरून बसले आणि प्रत्येक गोष्टीला "हो जाएगा, बहनजी" म्हणू लागले.

"तुझे एक ही शब्द याद रखना है," काकूंनी मुन्नीला हिंदीत सांगितलं. "वो कुछ भी बोलें, तू बोल, कब?"

"हो जाएगा, बहनजी."

"कब?"

"जल्दी ही."

"जल्दी कब?"

"अरे, देख रहे हैं न हम." दातार सरांना खरंच राग आला होता.

"देखना कब तक चलेगा?" मुन्नी म्हणाली. काकूंनी तालीम तिथंच थांबवली. यापुढे शिकवलं तर बिघडेल, म्हणाल्या.

इंदरगंजच्या कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकायची जनसुनवाई असते, तिथं आम्ही पाचसहा जणी गेलो. खासदार आत आले तेव्हा बाकीची माणसं उठली. काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, त्यामुळे मला उठता आलं नाही. मुन्नीचा नंबर आला. रामसेवकचं सगळं तिनं दोन वाक्यांत सांगितलं, वीज पडण्याचं वाक्यही सांगितलं. खासदारांनी मान हलवली.

"दुख की बात है, अम्मा. पर धूप पे तो मेरा बस नहीं."

"धूप पे नहीं है, साहब. कानून पे तो है. उसी के लिए भेजा है आपको."

खासदार पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघू लागले. "ठीक है. मैं संसद में उठाऊँगा ये बात."

"कब?"

"अगले सत्र में."

"वो कब लगेगा?"

खासदारांनी दुबेजींकडे पाहिलं, दुबेजींनी फोनमध्ये पाहिलं आणि महिना सांगितला. "तो उसके बाद पूछने आऊँगी," मुन्नी म्हणाली. "प्रेस शाम को कर लूँगी."

त्या सत्रात त्यांनी संसदेत विषय मांडला. सगळ्या जणी माझ्या दुकानात माझ्या फोनवर डोकं घालून बघत होत्या. भाषण लहानच होतं, पण त्यात उष्णतेला राष्ट्रीय आपत्ती धरा हे स्वच्छ होतं. मध्येच ते म्हणाले, "क्या गरीब आदमी को मुआवज़े के लिए बिजली गिरने का इंतज़ार करना होगा?" बाकं वाजली.

"अगंबाई, हे तर मुन्नीचं वाक्य," निर्मलावहिनी म्हणाल्या. "नाव पण नाही घेतलं मेल्यानं."

"चोरू दे," काकू म्हणाल्या. "चोरलेली वस्तू माणूस जपून ठेवतो."

सरकारकडून उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. दातार सर पेढे आणायला निघाले होते. काकूंनी त्यांना परत बसवलं. पुढे आमच्या राज्यानं आपल्यापुरतं थोडं काही केलं, तेव्हाही मंडळात समाधानाचं वातावरण पसरलं. काकूंचं म्हणणं, एका राज्यानं छत्री उघडली म्हणून देशावर सावली पडत नाही. त्या दर जनसुनवाईला जात राहिल्या. कधी मुन्नी सोबत, कधी मी, पुष्कळदा एकट्या. तेच एक मागणं, तोच एक शब्द. दुबेजी त्यांना बघितल्यावर आपण होऊनच फाइल काढू लागले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीच्या अखेरीस, सराफा बाजाराच्या तोंडाशी. मी एका गिऱ्हाइकाची लेस बदलून आणायला चालले होते. गर्दीत एक ई-रिक्शा अडकलेली, तीत समोरासमोर चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, त्यांत काकू. थंडी कडाक्याची होती, कानाला मफलर होता. तरी बोलत होत्या त्या उन्हाबद्दलच. समोरच्या तरुण जोडप्याला आणि पुढं बसलेल्या रिक्शावाल्याला, तिघांना मिळून. रिक्शावाला मान मागं वळवून म्हणत होता, "मैडम, अभी तो ठंड है, मई में देखेंगे." काकू म्हणाल्या, "मई में देखोगे तो धूप ही दिखेगी, भैया. कानून जनवरी में बनता है." ती मुलगी हसली आणि तिनं काहीतरी विचारलं. काकू पुढं वाकून तिला सांगू लागल्या. मी हात केला, तो त्यांना दिसला नाही. रस्ता मोकळा झाला आणि रिक्शा बाड्याच्या चौकाकडे निघून गेली.

फेब्रुवारीत एका सकाळी त्या उठल्या नाहीत. शोकसभा मंडळाच्या सभागृहात झाली. आप्पासाहेबांनी पोकळी भरून न येणारी असल्याचं सांगितलं. मुन्नी दाराशी होती. तिनं कोणा एकाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तो अब पूछेगा कौन?"

त्यानंतरच्या दोन जनसुनवाया झाल्या आणि आमच्यातलं कोणीही गेलं नाही. मुन्नीला एकटीला आत सोडत नाहीत, असं नव्हे. पण ठेला टाकून ती एकटी किती वेळा जाणार? बाकीच्यांना कामं होती. मलाही होती. एक सत्र असंच निघून गेलं.

मंगळवारी संध्याकाळी, कूलर नीट चालतोय हे बघून झाल्यावर, मी दुबेजींना फोन केला आणि येतोय म्हणून कळवलं. मग दातार सरांना केला. ते म्हणाले, "मी विचारू शकेन असं मला नाही वाटत, सुनीता. पण शेजारी बसेन."

बुधवारी सकाळी मी मुन्नीला तिच्या ठेल्यावरून घेतलं. तिनं इस्त्रीतले कोळसे विझवले आणि शेजारच्या चहावाल्याला कपड्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. इंदरगंजला पोचलो तेव्हा दातार सर आधीच येऊन बसले होते.

खासदार म्हणाले, "चिटणीस जी का सुना. बहुत परेशान करती थीं मुझे." मग म्हणाले, "अच्छी थीं. कहिए, आपका क्या काम है?"

"काम वही है," मी म्हटलं. "संसद में जवाब मिला था कि विषय विचाराधीन है. पिछले सत्र में आपने दोबारा पूछा नहीं. अब कब पूछेंगे?"

ते म्हणाले, पाहतो. मुन्नी म्हणाली, कब तक. त्यांनी दुबेजींना पावसाळी अधिवेशनासाठी लेखी प्रश्न तयार करायला सांगितला, आमच्यासमोर. आम्ही तो लिहून होईपर्यंत बसून राहिलो आणि त्यातली दोन वाक्यं बदलून घेतली.

दुकान उघडायला साडेअकरा झाले. शटरपाशी एक बाई ब्लाउजपीस घेऊन ताटकळत उभी होती. आज उशीर का, म्हणाली.

"खासदारांकडे गेले होते, उन्हाच्या कायद्याचं विचारायला. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. येता का?"

तिनं ब्लाउजपीस काउंटरवर पसरला, ताग्यांतला एक रंग बोटानं दाखवला. "ह्यातलं एक मीटर द्या," ती म्हणाली. "आणि किती वाजता?"